कपड्याचा बेत

‘बेत’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. जेवणाचा बेत, लग्नाचा बेत, यात्रेचा बेत. परंतु ‘बेतणे’ हे क्रियापद या अर्थाने शिंप्याच्या दुकानात गेल्यावाचून फारसे कानांवर येत नाही. कापड अंगाच्या मापाने कातरणे म्हणजे बेतणे. आधी मनात आकृती उभी करावयाची, मग ती खडूने कापडावर उतरवावयाची, आणि त्यानंतरच कातर चालवावयाची, ही सारी क्रिया त्या एका शब्दात आली आहे. आजकाल आपल्या मुली ज्या अभ्यासक्रमास ‘फॅशन डिझाइन’ म्हणतात त्याला मराठी नाव शोधण्याची खटपट पुष्कळांनी केली. त्यांनी कोपऱ्यावरच्या शिंप्यास विचारले असते तर नाव केव्हाच हाती लागले असते.

या विषयाकडे इतिहासाच्या अंगाने पाहावे असे आम्हांस वाटले, त्याला कारण आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, बुलढाणा अशा गावांतील एखादी मुलगी हा अभ्यासक्रम घेऊ म्हणते, तेव्हा घरात दोन आक्षेप हमखास निघतात. वडील म्हणतात, शिवण शिकायला कॉलेज कशाला? ते तर शेजारच्या काकूही शिकवतात. आजी म्हणते, फॅशन म्हणजे नटवेपणा, त्याचे कसले शिक्षण? दोन्ही आक्षेप मायेपोटी निघालेले असतात आणि दोन्ही बरेच जुने आहेत. जे जुने असते त्याला इतिहास असतो. मुलगी स्वतः बेतलेला, स्वतः शिवलेला सदरा अंगात घालून त्याच आजीपुढे उभी राहते, तेव्हा त्या सदऱ्यामागे काय काय घडून गेले आहे, ते आज थोडे उलगडून पाहू.

आरंभ गावगाड्यापासून करू. बारा बलुतेदारांच्या याद्या प्रदेशागणिक थोड्या बदलतात, पण सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट ही मंडळी त्यांत बहुधा असतातच. शिंपी मात्र अलुतेदारांत मोजलेला आढळतो. ज्याच्यावाचून गावाचे पाऊल अडते अशांत त्याची गणना नव्हती. हे ऐकून आश्चर्य वाटेल, पण जुना पेहराव डोळ्यांपुढे आणला की उलगडा होतो. धोतर, पटका, उपरणे, लुगडे ही सारी वस्त्रे मागावरून उतरली की सरळ अंगावर चढत. त्यांना घडी घालावी, नेसावे, गुंडाळावे. कातरीचा संबंध नाही. सुई लागे ती बंडीला, चोळीला आणि लेकरांच्या कुंची-टोपड्यांना. त्यातली पुष्कळशी शिवण घरातली म्हातारीच दिव्याच्या उजेडात उरकून टाकी.

यावरून काही अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला, की शिवलेला कपडा आपल्याकडे मुसलमानी अमदानीतच आला. हा निष्कर्ष टिकत नाही. अमरकोशात विणकराहून वेगळा असा ‘तुन्नवाय’ दिला आहे, ‘सौचिक’ हे त्याचेच दुसरे नाव. कोशात ज्याला दोन नावे मिळतात तो धंदा समाजात असलाच पाहिजे. आणि पुरावा पाहावयास फार दूर जाण्याचेही कारण नाही. बुलढाणा शहर ज्या डोंगररांगेवर वसले आहे तीच अजिंठ्याची रांग. तेथील पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. त्यातील नर्तकीच्या अंगात लांब बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा कपडा आहे. अशी बाही नुसत्या गुंडाळीने होत नाही. ती कोणी तरी मापाने कातरून मुंढ्याला जोडलेली असते. ही चित्रे इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या डोंगरात बसून चित्र काढणाऱ्याला शिवलेली बाही ठाऊक होती, आणि ती कशी सुरकुतते हेही त्याने पाहिलेले होते.

सुलतानांच्या आणि पुढे मोगलांच्या काळात जे वाढले ते शिवलेल्या कपड्याचे प्रस्थ. जामा, निमा, अंगरखा ही दरबाराची वस्त्रे झाली. सिंदखेडचे लखुजी जाधव ज्या निजामशाही दरबारात वावरले तेथे अंगरख्याशिवाय उभे राहणेही कठीण असेल. त्या काळी एक मौजेचा संकेत रूढ होता. जामा एकाच बेताचा. परंतु हिंदूने त्याचे बंद डाव्या बगलेशी बांधावे आणि मुसलमानाने उजव्या. दोन बोटे रुंदीच्या बंदाने माणसाचा धर्म सांगितला जाई! कपड्याचा बेत ही नुसती सोयीची बाब नाही, तो समाजाचा हुकूमही असतो, याचे एवढे उदाहरण पुरे आहे. बाराबंदी त्याच कुळातली, पण ती पुढे इतकी मराठी झाली की तिचे मूळ कोणी विचारीत नाही.

आपल्या जिल्ह्यात विणणारेही होते. मेहकरच्या मोमीन विणकरांची एके काळी एवढी भरभराट होती की गावाला तटबंदी घालण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले; मोमिनांच्या वेशीवरचा लेख पंधराव्या शतकाच्या अखेरचा आहे. तट बांधण्याइतका पैसा मागावर मिळत होता, ही गोष्ट आज मेहकरच्या बाजारातून जाताना सहजी खरी वाटत नाही. आणि शिंप्यांविषयी बोलायचे तर, ज्या जातीने महाराष्ट्राला नामदेव दिला तिची ओळख आम्ही करून देण्याची गरज नाही. एवढेच सांगतो, की शिखांच्या ग्रंथसाहेबात नामदेवांची जी पदे आहेत त्यांतील एकात शिंप्याचा गज आणि कातर या दोहोंचा दृष्टान्त आहे. पंढरीच्या वारकऱ्याने आपल्या धंद्याची हत्यारे पंजाबपर्यंत नेली, ती अशी.

आता चोळीकडे वळू. येथे थोडे रेंगाळावेसे वाटते, कारण बेतण्याचे खरे शास्त्र आपल्याकडे चोळीत साठलेले आहे आणि तिची दखल इतिहासकारांनी फार थोडी घेतली. चोळी होते खणाची. खण हा आखूड अर्जाचा, काठ असलेला तुकडा. गुळेदगुड्डचा खण आपल्या बायकांना शतकानुशतके ठाऊक आहे. एवढ्याशा कापडात पाठ, दोन बाजू, दोन बाह्या आणि काखेचे तुकडे बसवावयाचे, काठ दंडावर आणि पाठीवर नेमका यावयाचा, आणि उरलेली चिंधी मुठीत मावेल एवढीच राहावयाची. ज्याने कधी कातर धरली आहे त्यास यातील अवघडपण कळेल.

अवघडपण कशात आहे? कापडाला उभा धागा असतो आणि आडवा धागा असतो. या दोन दिशांनी ते ताणत नाही. कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, तिरपे ओढले, तर मात्र ते लवते. शिंपी याला उरेप म्हणतात. अंग गोलाईचे आणि कापड सपाट. सपाट वस्तू गोलाईवर बसवावयाची तर कोठे तरी कापड तिरपे घ्यावे लागते किंवा चुणी टिपावी लागते. जुन्या चोळीत काखेखाली जो तिरप्या धाग्याचा तुकडा घालीत तो हेच काम करी. हात वर केला तरी शिवण उसवत नसे. ही चोळी बेतणाऱ्या बाईने भूमिती वाचलेली नव्हती. तिने ती आईच्या हातावरून उचलली होती. युरोपात विसाव्या शतकात पॅरिसच्या माडलेन व्हियोने या बाईंनी कापड तिरपे धरून झगे बेतले आणि त्यांची कीर्ती जगभर झाली. ती योग्यच होती. फक्त, उरेपाचे मर्म पॅरिसबाहेर कोणास ठाऊक नव्हते असे कोणी समजू नये.

येथपर्यंत कापड, कातर आणि अंग ही तिन्ही एकमेकांच्या जवळ होती. त्यांची फारकत कशी झाली, तो भाग आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचा अगदी गाभ्यातला आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस इंग्लंडात येईनासा झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांच्या मालकांची नजर वऱ्हाडावर खिळली. खामगावची कापसाची पेठ त्याआधीच नावारूपास आली होती. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, जळगाव जामोदसह ते बुलढाण्यास जोडले गेले १९०५ साली.) मुंबईहून नागपुरास जाणारा आगगाडीचा रस्ता १८६७ मध्ये पुरा झाला, आणि १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा आठ मैलांचा फाटा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो याने येथे येऊन उघडला. आठ मैलांच्या फाट्यासाठी हिंदुस्थानचा व्हाइसरॉय येतो, यावरून त्या फाट्यावरून काय जावयाचे होते ते ध्यानात यावे.

जावयाचा होता कापूस. आणि यावयाचे काय होते? तेही ठरलेले होते. मध्यप्रांत व वऱ्हाडचे कॉटन कमिशनर रिव्हेट-कारनॅक यांनी त्याच सुमारास स्पष्ट लिहून ठेवले आहे. आगगाडीचा फाटा झाला म्हणजे विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकता येईल. तसे झाले की कच्चा कापूस अधिक बाहेर जाईल, आणि आज सूत कातण्यात व कापड विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीस मोकळी होतील. हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. विणकर बुडतील ही त्यांना भीती नव्हती; ती त्यांची आशा होती. सरकारी अधिकारी इतके सरळ क्वचितच लिहितो, म्हणून त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

झालेही तसेच. वऱ्हाडच्या कापसाला परदेशी बाजारात अमरावतीवरून ‘उमरा’ हे नाव पडले, त्यात ‘खामगाव’ ही एक निराळी ओळखलेली प्रत. आपल्या गावाचे नाव लिव्हरपूलच्या दलालाच्या तोंडी होते आणि आपल्या गावातला माग थांबत चालला होता. जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने येथे निघाले, पण ते कापूस बांधून पाठविण्यासाठी. गाठ येथे बांधली जाई आणि कापड दुसरीकडे होई. ही तऱ्हा राज्य बदलल्यानंतरही फारशी पालटली नाही. आजही आपला शेतकरी कापूस विकतो आणि त्याच पेठेत तिरुप्पूरचा किंवा सुरतेचा तयार माल विकत घेतो. सोयाबीन आल्यापासून कापसाचा पेराही हटला आहे, पण तो स्वतंत्र विषय आहे.

आता शिवणयंत्राकडे येऊ. त्याचा जन्म मारामारीत झाला. बार्तेलेमी तिमोनिये नावाच्या फ्रेंच शिंप्याने १८३० मध्ये यंत्राचे पेटंट घेतले, पॅरिसमध्ये सैनिकांचे गणवेश शिवण्याचा कारखाना काढला, आणि १८३१ मध्ये पोटावर पाय येईल या भीतीने इतर शिंप्यांनी जमावाने येऊन ती यंत्रे फोडून टाकली. पुढे अमेरिकेत १८४६ साली एलियस हाऊ याने आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने पेटंटे घेतली. हाताने पुरुषाचा एक सदरा शिवावयास १४ तास २६ मिनिटे लागतात आणि यंत्रावर १ तास १६ मिनिटे, अशी तुलना त्या काळच्या एका अमेरिकन कंपनीने प्रसिद्ध केली होती. कंपनी आपल्याच मालाविषयी बोलत होती हे खरे, पण फरक मोठा होता यात शंका नाही. सिंगरचे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानात पसरू लागले आणि बाजारपेठेच्या गावांत शिंप्याच्या ओट्यावर येऊन बसले. देशी बनावटीचे ‘उषा’ यंत्र कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने १९३० नंतरच्या दशकात काढले, तोपर्यंत सारा माल परदेशीच.

यंत्रांविषयी गांधीजींचे मत सर्वांस ठाऊक आहे. परंतु १९२४ साली रामचंद्रन या विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला मोकळेपणी अपवाद केला. जगात जी थोडी खरोखर उपयोगी यंत्रे निघाली त्यांत हे एक, असे त्यांचे म्हणणे. बायको हाताने शिवताना थकते हे पाहून प्रेमापोटी सिंगरने यंत्र शोधले, अशी त्यामागची कथाही त्यांनी सांगितली. कथा गोड आहे. मात्र सिंगरसाहेबांचे चरित्र पाहिले तर त्यांनी एकाहून अधिक संसार थाटले होते आणि त्यांची मुले वीसच्या वर होती. त्यातल्या नेमक्या कोणत्या बायकोचे श्रम त्यांना पाहवले नाहीत, ते सांगणे कठीण आहे! गांधीजींच्या मुद्द्याला त्यामुळे बाध येत नाही. हे यंत्र घराच्या एका कोपऱ्यात मावते, एका माणसाच्या पायाने चालते आणि ते चालविणाऱ्याला घराबाहेर पडावे लागत नाही.

त्यामुळेच ते आपल्याकडे विधवेचे यंत्र झाले. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन निघाले, रमाबाई रानडे त्याच्या प्राण होत्या, आणि तेथे शिवणाचे वर्ग चालत. ज्या बाईला माहेर नाही, सासर नाही, तिला चार टाके आले तर ती कोणाच्या दारात उभी राहणार नाही, ही भावना त्यामागे होती आणि ती थोर होती. आजही विधवा झालेल्या बाईस काय द्यावे असा प्रश्न सभेत निघाला की शिवणयंत्र हे उत्तर तयार असते. परंतु या थोर भावनेची एक बाजू विचारात घेण्याजोगी आहे. शिवणकाम हे आपल्या मनात अडचणीतल्या बाईचे काम म्हणून ठसले. जिचे बरे चालले आहे तिने ते छंद म्हणून करावे, जिचे चालत नाही तिने पोटासाठी करावे. विद्या म्हणून कोणी करू नये! वडिलांच्या आक्षेपाचे मूळ येथे आहे.

त्यात आणखी एक भेद दडला आहे. शिंप्याच्या मोठ्या दुकानात जाऊन पाहा. मेजापाशी उभा राहून कातर चालवतो तो मास्तर. मागे ओळीने बसून यंत्र चालवतात ते कारागीर. आणि काज, बटण, तुरपाई हे काम गठ्ठ्याने घरोघरी बायकांकडे जाते, नगावर. एकच कपडा, पण मजुरीची उतरंड केवढी! वरचा पैसा बेतणाऱ्याला मिळतो, कारण चूक झाली तर कापड त्याच्या हातून जाते. शिवण उसवता येते. कातरलेले जोडता येत नाही. आम्हांस असे वाटते, की आपण पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या हाती सुई दिली आणि कातर मात्र बाजारात पुरुषाच्या हाती ठेवली. मुलीने बेतणे शिकणे आणि मुलीने शिवणे शिकणे यांतले अंतर वडिलांनी या मेजापाशी उभे राहून मोजावे.

आजीचा आक्षेप वेगळा आहे. तो कपड्याने माणूस बिघडतो या समजुतीचा. त्यालाही इतिहासाने दोन उत्तरे देऊन ठेवली आहेत. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेस निघाल्या तेव्हा हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असे त्यांनी श्रीरामपूरच्या सभेत सांगितले होते. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत मात्र नऊवारी लुगड्याची अडचण होऊ लागली. पोटऱ्या उघड्या पडत. आनंदीबाईंनी झगा घातला नाही. त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसावयास घेतली, म्हणजे पाय झाकले जातील. घरून त्याविषयी जी पत्रे आली त्यांना त्यांनी शांतपणे उत्तरे दिली. वीस वर्षांच्या आतबाहेरची ही विद्यार्थिनी परक्या मुलुखात आपल्या कपड्याचा बेत आपणच करीत होती. हवा, चाल, शील आणि सोय हे सारे तिने त्यात मोजले होते. तिच्या महाविद्यालयातील १८८५ सालचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. एक जपानी, एक सीरियन आणि ही मराठी मुलगी, तिघीही आपापल्या पोशाखात.

दुसरे उत्तर १९२७ सालच्या डिसेंबरातील. महाड येथे सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांच्या सभेत भाषण केले आणि लुगडे कसे नेसावे याविषयी सांगितले. गुडघ्यापर्यंत आखूड नेसणे आणि ठरावीक जाडजूड दागिने घालणे या जातीच्या खुणा आहेत, त्या टाका, इतर स्त्रिया नेसतात तसे घोट्यापर्यंत नेसा. बायकांनी ते तेथल्या तेथे अंमलात आणले. ज्यांना कोणते वस्त्र किती लांब नेसावे हेही इतरांनी ठरवून दिलेले होते, त्यांना विचारा, कपड्याचा विचार करणे हा नटवेपणा आहे काय?

स्वदेशीचे प्रकरण येथे थोडक्यात आटोपतो, कारण ते सर्वश्रुत आहे. १९०५ च्या पुण्यातील होळीत परदेशी कपडे जळाले, १९२१ नंतर खादी आली, १९३७ मध्ये वर्ध्यास मूलोद्योगी शिक्षणाची योजना झाली आणि शाळेतल्या पोरांच्या हातात टकळी आली. सूत झाले, कापड झाले. बेतणे मात्र त्या योजनेत फारसे कोणाच्या ध्यानी आले नाही. खादीचा सदरा बहुधा अघळपघळच राहिला. आमच्या मते खादी तरुण मुलामुलींच्या अंगावर टिकली नाही त्याला महागाई जेवढी कारण, तेवढाच हा अघळपघळपणाही कारण. याविषयी मतभेद होऊ शकेल.

बेत करणे हा अभ्यासाचा विषय आहे, हे मराठी समाजापुढे ठळकपणे ठेवणारे नाव म्हणजे कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब हे चित्रकार. भानुमती मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली होती. पोटासाठी त्या एका इंग्रजी महिला साप्ताहिकात पोशाखांची रेखाटने काढू लागल्या. त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने कपड्यांचे दुकान काढले आणि म्हटले, नुसते काढतेस ते करून का पाहत नाहीस? चित्रकर्ती त्या दिवसापासून बेतणारी झाली. पुढे त्या भानू अथय्या म्हणून प्रसिद्धीस आल्या. ‘गांधी’ या चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ मध्ये त्यांना ऑस्कर पारितोषिक मिळाले. ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. ज्या माणसाने अर्धे अंग उघडे ठेवले त्याच्या चित्रपटाला वेशभूषेचे पारितोषिक मिळावे यात विनोद वाटतो, पण विचार केला तर काम किती कठीण होते ते कळते. बॅरिस्टरचा सूट, काठेवाडी अंगरखा, लंगोटी आणि त्यांच्या भोवती हजारोंच्या गर्दीत प्रत्येक प्रांताचा, प्रत्येक दशकाचा कपडा! अखेरच्या काळात, २०१२ मध्ये, ते पारितोषिक जपून राहावे म्हणून त्यांनी स्वतःच अकादमीकडे परत ठेवावयास दिले. २०२० मध्ये त्या वारल्या.

सरकारने या विद्येला १९८६ साली दिल्लीत राष्ट्रीय संस्था काढून मान दिला. मुंबईत तिची शाखा १९९५ मध्ये आली. आपल्यासारख्या जिल्ह्यात याच्या पायऱ्या खालून सुरू होतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिवणतंत्र आणि फॅशन डिझाइन असे वर्षभराचे अभ्यासक्रम आहेत. पुढे पदवीपर्यंत जावयाचे तर आपण ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो त्याला नाव गाडगेबाबांचे आहे. ज्यांनी जन्मभर चिंध्यांना चिंध्या जोडून अंगावर घातल्या, ज्यांना लोक गोधडेबुवा म्हणत, त्यांच्या नावाच्या विद्यापीठात मुलींनी नव्या कपड्याचा बेत शिकावा, हे बाबांना आवडले असते की नाही? कापड वाया घालविले नाही तर आवडले असते, असे आम्हांस वाटते.

या विद्यार्थिनी आपलेच कपडे का शिवतात, हे बाहेरच्यास कोडे वाटते. कारण साधे आहे. माप घ्यावयास, अंगावर चढवून पाहावयास, चूक सोसावयास आपल्याइतके जवळचे अंग दुसरे नाही. आधी कागदावर खाका, मग स्वस्त मांजरपाटावर कच्ची शिवण, ती अंगावर घालून टाचण्या लावून दुरुस्ती, आणि मग खरे कापड. शिवणीच्या आत जी जास्तीची पट्टी सोडतात तिला शिंपी ‘माया’ म्हणतात. माया ठेवली की अंग भरले तरी कपडा उसवून वाढविता येतो. तयार कपड्यात कापड वाचवावे म्हणून माया अगदी चिमूटभर ठेवलेली असते. लेकराला ‘वाढत्या अंगाचे’ शिवून घेणाऱ्या आपल्या आयांना हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

मापांचा प्रश्न तर याहून खोल आहे. एबेनेझर बटरिक या अमेरिकन शिंप्याने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी खाके विकावयास आरंभ केला, तेव्हापासून माणसाचे अंग आकड्यांत बसविण्याची खटपट चालू आहे. आपण दुकानात जे लहान, मध्यम, मोठे म्हणून घेतो ते आकडे फार करून परक्या अंगांवरून आलेले. म्हणून राष्ट्रीय फॅशन संस्थेने ‘इंडियासाइझ’ नावाची मोजणी हाती घेतली. पंचवीस हजार माणसे, पंधरा ते पासष्ट वयाची, यंत्राने मापावयाची, असा तिचा आराखडा २०१९ मध्ये जाहीर झाला. त्यासाठी निवडलेली शहरे सहा: कोलकाता, मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर आणि शिलाँग. योजना चांगली आहे. पण कापूस वेचून वाकलेली पाठ आणि ओझे वाहून रुंदावलेले खांदे त्या सहा शहरांत कितीसे सापडणार?

मापाविना शिवले तर काय होते, याचा धडा अलीकडेच मिळाला. २०२४-२५ च्या शालेय वर्षात महाराष्ट्र सरकारने ‘एक राज्य, एक गणवेश’ ही योजना आणली. कापड एका ठिकाणाहून खरेदी करावयाचे, शिलाई महिला बचतगटांकडून करून घ्यावयाची. बायकांना काम मिळावे हा हेतू निर्दोष होता. परंतु पोरांची मापे ठरीव आकड्यांवरून धरली गेली. गणवेश उशिरा पोहोचले, आणि कोणाला ते अंगात जाईनात तर कोणाच्या अंगावरून ओघळू लागले, अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ते काम पुन्हा शाळांच्या व्यवस्थापन समित्यांकडे सोपविले. या प्रकरणात दोष बचतगटांतील बायकांच्या माथी मारणारे लोक भेटतात. त्यांना आम्ही एवढेच विचारू, की कातर कोणाच्या हाती होती आणि माप कोणी घेतले होते?

जिल्ह्याचे तालुके तेरा, आणि शाळेत जाणारी पोरे तालुक्यागणिक हजारोंनी. एका तालुक्यात माप घेऊन बेतू शकणाऱ्या दहा मुली तयार झाल्या, तर सुई चालविणाऱ्या शंभर बायकांना वर्षभराचे नीट काम मिळू शकते. शिवणवर्गात पहिला धडा देतात तो झबल्याचा. तान्ह्या लेकराचा कपडा लहान असतो, कापड थोडे जाते, चूक झाली तर निभावते. त्यानंतर परकर, मग सदरा. अंगाबरोबर बसणारी चोळी अगदी शेवटी, कारण ती सर्वांत अवघड.